उभ्या सांध्यांची शाळा

“सूनबाईला यातलं काही बोलू नकोस. तिचं आजोळ धरणात बुडालेल्या त्या गावचं, उगाच डोळ्यांत पाणी आणत बसेल. परवा भिंत उतरवायची, दगड फोडून रस्त्याखाली घालायचे. विषय संपला.”

कंत्राटदार हे आपल्या मुलाला सांगत होता, आणि तेही माझ्याच पायरीवर बसून. भिंतीला कान असतात असं येता-जाता म्हणणारी माणसं भिंतीपाशी बसून मात्र खुशाल बोलतात. मी पंचक्रोशीची जुनी शाळा बोलतेय. दोन खोल्या, एक छप्पर आणि घंटा टांगायचा रिकामा आकडा, एवढाच माझा संसार.

आत खिडकीपाशी सूनबाई चहा ओतत होती. तिनेही ऐकलं. पण ओतणं चालूच ठेवलं. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. सासरी तिची ख्याती अशी की नणंद म्हणते, “वहिनीच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशी लागेल!” आज मोजणीचा माणूस आला नाही, म्हणून टेपचं टोक धरायला हिला आणलं होतं.

माझा जन्म भांडणातून झाला. पाच गावांनी मिळून शाळा बांधायची ठरवली आणि प्रत्येकाने आपापल्या रानातला दगड गाड्या भरभरून आणला. नदीकाठचा करडा, टेकडीवरचा काळा, चुन्याच्या भट्टीवाल्यांचा पांढरट, बाजारगावचा तांबडा आणि खोऱ्यातल्या गावाचा पिवळसर. इथवर ठीक होतं. पण भिंत चढायला लागली तशी बोंब उठली, “यांचा दगड वर अन् आमचा खाली? आम्ही काय यांचं ओझं वाहायचं?”

गवंड्याने कपाळावर हात मारला. शेवटी त्याने दर्शनी भिंतीत पाच उभे पट्टे चढवले, पाया ते छप्पर, शेजारी शेजारी. “उभा सांधा भिंतीला पेलत नाही,” तो म्हणाला, “पण तुमची भांडणं मला पेलत नाहीत.”

पहिल्याच वर्षी मी चारही सांध्यांत तडकले. तेव्हा रीत पडली, की सांधा दोन गावांचा, म्हणून दर सुट्टीत तो दोघांनी मिळून भरायचा. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे एका घमेल्यातला चुना वाटून घेत. रुसवा कायम ठेवायचा तर एक चढताना दुसऱ्याने शिडी कशी धरावी?

माझ्या मास्तरांची हजेरीही जगावेगळी. गावाचं नाव पुकारलं की त्या गावच्या पोरांनी ओळीने येऊन आपल्या दगडावर पंजा टेकवायचा आणि म्हणायचं, “हजर!” पोरांच्या उंचीपर्यंतचे माझे दगड म्हणूनच आजही गुळगुळीत आहेत.

मी पुष्कळ पाहिलं. साथ आली तेव्हा माझ्या वर्गात बाकांऐवजी खाटा होत्या. भट्ट्या थंडावल्या, तशी पांढऱ्या दगडाची पोरं कमी झाली. मग धरण आलं. खोऱ्यातलं गाव उठून पांगलं आणि वर पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सवयीने त्याचं नाव पुकारलं. पिवळ्या दगडापाशी यायला कुणीच नव्हतं. तेवढ्यात बाजारगावचा एक दांडगट मुलगा उठला, रोज उशिरा येऊन कोपऱ्यात उभा राहणारा. त्याने पिवळ्या दगडावर हात टेकवला. “मास्तर, ते परत येईस्तोवर मी म्हणतो. हजर!” वर्षभर म्हणाला. एक दिवस चुकला नाही.

तोच आजचा कंत्राटदार.

पुढे बाजारगावात मोठी शाळा झाली, मला कुलूप लागलं. सांधे भरायला कुणी आलं नाही. तडे इतके रुंदावले की मूठ आत जाईल. सरकारी साहेब आले, लांबूनच बघून “धोकादायक” म्हणाले आणि गेले. खरं तर दुखणं जन्माचं होतं, चुकलं ते दरवर्षीचं चुन्याचं औषध.

चहा झाला. मोजणी सुरू झाली. कंत्राटदार पहिल्या पट्ट्याशी उभा, मुलगा वही घेऊन, सूनबाई टेपचं टोक धरून पार शेवटच्या, पिवळ्या पट्ट्यापाशी.

“हं सूनबाई, किती भरलं?”

ती दगडाकडे बघत होती. कमरेएवढ्या उंचीवर तो झिजून तुकतुकीत झालेला.

“अगं, आकडा सांग ना,” नवरा हळूच म्हणाला.

“आकडे येत नाहीत की काय हिला?” कंत्राटदार हसला. “आमच्या मास्तरांनी उभंच केलं असतं कोपऱ्यात!”

तिने टेप सोडली. ती सरसर करत सासऱ्याच्या मुठीत परत गेली. मग तिने किंचित वाकून, पोरांनी टेकवावा तसा, माझ्या पिवळ्या दगडावर पंजा टेकवला. कंत्राटदाराचं हसू तिथेच विरलं. कितीतरी वर्षांनी माझ्या या दगडाला कुणाच्या पंजाची ऊब लागली.

तिचा आवाज दोन्ही खोल्यांत ऐकू गेला.

“हजर! मामंजी, आई सांगायची, आमच्या गावाची हजेरी कुणीतरी वर्षभर लावली होती म्हणून. आता आम्ही आलोय. चुना मागवा, शिडी मी धरते.”