शिशाचा पट्टा

१९६६ सालच्या मे महिन्यात, आवाबीचे शिंपले काढायचा हंगाम नुकताच उघडला असताना, मिसाओने होडीच्या काठावर बसून कमरेच्या पट्ट्यातले शिशाचे दोन तुकडे हळूच काढले आणि डब्याच्या फडक्याखाली सरकवले. तिचा नवरा तोकुझो पाठमोरा बसून दोर मोकळा करत होता. त्याने वळून पाहायच्या आत पट्टा आवळून ती पाण्यात उतरली.

पाण्याने तिला लगेच आत घेतलं नाही. रबरी पोशाख तिला वर ढकलत होता. चार-पाचदा पाय मारल्यावर कुठे ती बुडू लागली, आणि तेही असं सावकाश, की शिसं जेवढं ओढी जवळजवळ तेवढंच पाणी खालून धरून ठेवी. तळ दिसत होता, पण जवळ येत नव्हता. निम्मा श्वास वाटेतच संपला.

रबरी पोशाख जपानच्या किनाऱ्यावरच्या काझेउरा गावात त्याच वर्षी आले होते. घराला एकच, असा गावाचा नियम. त्याआधी बायका पांढऱ्या सुती कपड्यांत, हातात लोखंडी वजन धरून उतरत आणि तळाशी ते सोडून देत. नवरा आधी बायकोला दोराने वर ओढी, मग दुसऱ्या दोराने वजन. पोशाखात ऊब होती, पण माणूस बुचासारखं तरंगायचं. म्हणून जिने तिने कमरेला शिसं बांधलं, भरभर बुडेपर्यंत बांधलं. खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने रबर चेपून पातळ होतं, तरंगणं संपतं आणि वर बेताचं वाटणारं शिसं खाली धोंडा होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हा धोंडा वर आणायचा कुणी? दोर धरणाऱ्याने.

पहिल्या दिवशी मिसाओ भरल्या पट्ट्याने विहिरीत सोडलेल्या कळशीसारखी सरळ खाली गेली होती. कपारीतून दोन मोठे शिंपले काढले, तरी श्वास शिल्लक होता. मग तिने दोराला हिसका दिला. दोर वर निघाला, आणि मध्येच थांबला. ती हिरव्या पाण्यात नुसती लटकून राहिली. छाती भरून आली तेव्हा कुठे दोर पुन्हा हलला, झटक्याझटक्याने.

"दोर कडेला अडकला होता," तोकुझो म्हणाला.

होडीची कड त्याने हंगामाआधीच घासून गुळगुळीत केली होती. मिसाओने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती पट्ट्यातलं शिसं काढून ठेवू लागली. काझेउरात ज्या पुरुषाच्या हातातून बायकोचा दोर सुटला, तो वाळूवर म्हाताऱ्यांमध्ये बसून समुद्री शेवाळ वाळत घाली. तोकुझोच्या वडिलांची शेवटची वर्षं तशीच गेली होती, समुद्राकडे पाठ करून.

दुपारी खोपीत विस्तवाभोवती सगळ्या बायका अंग शेकत बसल्या की शिंपल्यांच्या जाळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. मिसाओची जाळी दिवसेंदिवस हलकी होत चालली.

"काय गं मिसाओ," सगळ्यांत थोरल्या सुए आजीने रताळं उलटत विचारलं, "पाण्यात बुडतेस की माशांची विचारपूस करत उतरतेस?"

"सोयरीक जमवत असेल एखादी," शेजारची हात्सुए म्हणाली. सगळ्या हसल्या. मिसाओही हसली.

आजी मात्र हसायची थांबली. "खरं सांग. तोकुझोला ओढवत नाही का? तसं असेल तर आमचा जावई आहे, सादाओ. हात बघ त्याचे, बैल ओढेल. उद्यापासून तो धरेल तुझा दोर."



"त्यांचं काही नाही हो आजी," मिसाओ घाईने म्हणाली. "माझाच कान दुखतो. डावा. भरकन खाली गेलं की आत सुई टोचल्यासारखं होतं."

"मग आधी बोलायचंस की नाही, मेले! तेल घाल कोमट करून."

खोपीतलं बोलणं संध्याकाळपर्यंत गावभर होई.  रात्री जेवताना तोकुझोने भाताचा वाडगा डाव्या हातात धरला होता आणि काड्या उजव्यात. मासा दोनदा निसटला. मिसाओने काटे काढून तुकडे त्याच्या पुढ्यात सरकवले.

सकाळी ती पट्टा घेऊन धक्क्यावर आली, तर होडी रिकामी. दोर नाही, जाळी नाही. तोकुझो धक्क्याच्या कडेला बसला होता.

"कान दुखतो म्हणे तुझा."

"हो."

"मग खोल पाण्यात जायचं नाही. किनाऱ्यालगत उतर, चालत पाण्यात शिरणाऱ्या बायकांबरोबर. पहाटेच सांगून आलोय सुए आजीला. होडी सादाओ घेतोय."

"अहो, पण होडी कशाला..."

"बायकोच्या कानापेक्षा होडी मोठी आहे का?" तो मोठ्याने म्हणाला. धक्क्यावर आणखी दोघे-तिघे होते. ते आपापल्या कामाला लागल्यावर त्याने आवाज खाली आणला. "कोणता सांगितलास तू?"

"डावा."

तोकुझोने मान खाजवली. "मी उजवा म्हणालो."

मिसाओने हातातला पट्टा खाली ठेवला.

"मग उजवाच," ती म्हणाली. "गर्दीत नीट ऐकलं नसेल त्यांनी."

सुए आजीने त्याच दुपारी तिच्या उजव्या कानात तेल ओतलं. आजी पुढे दोन हिवाळे काढून गेली. सादाओने होडी काही वर्षं चालवली आणि मग नागोयाला कारखान्यात लागला. हात्सुए मुलीकडे ओसाकाला गेली ती परतली नाही. तोकुझो वाळूवर शेवाळ वाळत घालायचा, पण तोंड समुद्राकडे करून. कुणी विचारलं तर सांगायचा, बायकोच्या कानापायी खोल पाणी सोडावं लागलं, नाहीतर दाखवलं असतं. एका थंडीत झोपेतच गेला.

मिसाओ सत्तरी उलटेपर्यंत किनाऱ्यालगत उतरत राहिली. तिथे ओढणारं कुणी लागत नाही, म्हणून पट्ट्यात हवं तेवढं शिसं घालायची आणि पाय मारत आपली आपण वर यायची. वर आल्यावर मात्र श्वास घेण्याआधी डोळे होडी शोधत.