उचललेला दगड

टेकडीला पाठ लावून उभा असलेला मी एक जुना दगडी बांध आहे, मित्रांनो. माझं वय विचारू नका; मला रचणाऱ्या गवंड्याच्या पणतूलाही आता नातवंडं झाली आहेत. या टेकडीवर आम्ही सव्वीस बांध एकाखाली एक उभे आहोत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक शेत आणि पायाशी दुसरं. मी वरून सातवा. उंची माणसाएवढी, आणि अंगात चुन्याचा थेंबसुद्धा नाही. नुसता दगडावर दगड. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तो गवंडी भलता हट्टी होता. त्याचा एक नियम होता: उचललेला दगड पुन्हा खाली ठेवायचा नाही. हातात आला की त्याची जागा शोधायची, मग सकाळची दुपार झाली तरी चालेल. खाली ठेवला की दगडाला सवय लागते, असं तो म्हणायचा. दगडाला कसली सवय लागते, हे मला अजून उमगलेलं नाही. पण नियम त्याच्या घराण्यात टिकला. दगडांमधल्या फटी मात्र त्याने मुद्दाम ठेवल्या होत्या. पावसाचं पाणी त्यांतून निथळून जाई, म्हणून मागची माती कितीही रेलली तरी मला जड होत नसे.

ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं. दरवर्षी बटाट्यांची काढणी झाली की वरच्या आणि खालच्या शेतातली घरं माझ्यापाशी जमत. घसरलेले दगड खालच्यांनी द्यायचे, वरच्यांनी लावायचे. दोन घरांत वर्षभर अबोला असला तरी त्या दिवशी तोंड उघडावंच लागे, कारण “धर” म्हटल्याशिवाय दगड देता येत नाही. कितीतरी भांडणं अशी माझ्या अंगावर मिटली.

गवंड्याच्या घरातलं हे काम पुढे त्याच्या पणतूच्या बायकोकडे आलं. सारं गाव तिला वहिनी म्हणतं. नवी नवरी असताना तिने लावलेला पहिला दगड सासऱ्यांनी काढला आणि परत तिच्या हातात दिला. सहाव्या वेळी तो बसला. तेव्हापासून माझी नाडी तिला कळते.

पण मित्रांनो, गाडीची वाट पायथ्याशीच संपत होती. बटाट्याचं प्रत्येक पोतं पाठीवरून खाली न्यावं लागे. एकेक घर थकलं आणि शहरात गेलं. वरची सहा शेतं ओस पडली. वहिनीचेही गुडघे कुरकुरू लागले. शेवटी तिच्या मुलाने सांगून टाकलं, “आई, वरपर्यंत गाडी आली तर मी राहतो. नाहीतर पुढची काढणी झाली की आपण निघायचं.” वहिनीने गावाच्या सह्या घेऊन अर्ज केला. माझ्यात आणि माझ्या खालच्या प्रत्येक बांधात आठ हात मोकळे करायचे आणि त्याच दगडांचा उतार रचून वाट काढायची.

माझ्या अंगात खिंडार पाडणार म्हटल्यावर मी बिथरलो. नेमके त्याच वेळी वारसा कार्यालयाचे लोक आले. त्यांनी मला मोजलं, फोटो काढले आणि पाटी ठोकली: ‘संरक्षित परिसर. दगड हलवू नये.’ अर्ज नामंजूर झाला. मी हुरळून गेलो, हे कबूल करतो.

दगड हलवायचा नाही, म्हणून दरवर्षीची डागडुजीही थांबली. त्याऐवजी कार्यालयाने माणसं पाठवून माझ्या फटी सिमेंटने बुजवल्या. वहिनीने मुकादमाला विचारलं, “अहो, मग पाणी कुठून जाईल?”

“मावशी, आता शंभर वर्षं बघायला नको,” तो म्हणाला.

शंभर कसली, एक पावसाळा पुरला. पाणी पाठीमागे तुंबलं, माझं पोट पुढे आलं आणि एका दुपारी मी पंधरा हात कोसळलो. खाली कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

कार्यालयातले साहेब पाहणीला आले तेव्हा काढणी आटोपली होती आणि वहिनीच्या दारात गाठोडी बांधून ठेवलेली होती. साहेब वयस्कर, सभ्य. ते म्हणाले, “बाई, बांध फोडून वाट केली, तर जपायचं काय उरलं?”

वहिनीने माझा एक दगड उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिडेखातर घेतला.

“कुठे ठेवू?”

“खाली नाही ठेवायचा साहेब. आमच्याकडे तशी रीत नाही. याची जागा शोधा.”

साहेब हसले. मग फाइल काखेत मारून खरंच शोधू लागले. एका जागी दगड डुगडुगला, दुसरीकडे निसटला. वहिनी शेजारी उभी राहून सांगत होती, “लांब बाजू आत घाला. हा बांध शेतासाठी आहे, साहेब. शेत कसणारं माणूसच गेलं, तर याच्याकडे कोण बघणार?” बऱ्याच वेळाने दगड कसाबसा बसला. साहेबांनी घाम पुसला आणि वरच्या सहा शेतांकडे पाहिलं. तिथले बांध दगडांचे ढीग होऊन पडले होते.

“यांना काय झालं?”

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “त्यांना कोणी हात लावला नाही.”

साहेबांनी फाइल उघडून उभ्याउभ्याच काहीतरी लिहून घेतलं. महिन्याभराने पत्र आलं. सिमेंट खरवडून काढा, बांध जुन्या पद्धतीने रचा, आणि आठ हातांची वाट करा, तीही वहिनीच्या देखरेखीखाली. त्या संध्याकाळी दारातली गाठोडी सुटली.

मित्रांनो, ते आठ हात गेल्याचं मला अजून जाणवतं, पडलेल्या दातासारखं. पण त्या वाटेने छोटी गाडी पोती घेऊन उतरते, आणि वरच्या सहांपैकी दोन घरं परत आली आहेत. म्हणून एक मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्यांकडे याल तेव्हा फोटो जरूर काढा. पण एखादा दगड घसरलेला दिसला तर तिथल्या माणसांना विचारा आणि त्यांच्याबरोबर हात लावा.

साहेबांनी लावलेला दगड अजून थोडा हलतो. वहिनी दरवर्षी येते, त्यावर तळवा दाबून बघते, फटीत दगडाची एक बारीक चीप बसवते, आणि तो तसाच राहू देते.