बिघडलेल्या मालाची बैठक

साबणवाल्या मालकीणबाई धंदेवाल्यांच्या बैठकीला पहिल्यांदाच निघाल्या, त्या मिरवायला. शिकायला जावं ज्यांना काही येत नाही त्यांनी, असं त्यांचं मत. निवडून निवडून गुळगुळीत वड्या घेतल्या, रेशमी फितीत बांधल्या आणि पेटी उचलायला सुनेला बरोबर घेतलं.

सुनेशी तसं धड बोलणं नव्हतंच. बरेच महिने वड्यांवर तांबूस डाग पडत होते, खवट वास मारत होता. गिऱ्हाइकं माल परत आणून आपटत होती. तेल सून आणते, कढई सून ढवळते, म्हणजे खोट सुनेचीच, असा निकाल मालकीणबाईंनी लावून टाकला होता. "या खेपेला डाग दिसले तर कढईला हात लावायचा नाहीस. माहेरी जाऊन खुशाल धुणी धू." सुनेचा त्या कढईवर जीव.

बैठक सुताराच्या कारखान्यात होती. भुसा बाजूला सारून लांबलचक टेबल मांडलं होतं. मेणबत्तीवाला उठला आणि त्यानं पिशवीतून मेणबत्ती काढली, ती उभी चिरलेली. "सगळाच माल असा चिरला. कुणाला कळतंय का, का ते?" मग शिंप्यानं कोट पसरला. दोन्ही बाह्या डाव्या! सगळे पोट धरून हसले, शिंपीसुद्धा.

मालकीणबाईंचे डोळेच विस्फारले. त्या सुनेच्या कानाशी लागल्या, "ही माणसं शुद्धीवर आहेत का गं? चारचौघांत आपलीच अब्रू टेबलावर मांडतात?"

"इथली रीतच आहे, आई. बिघडलेला माल आणायचा, म्हणजे दुसऱ्याला इलाज सुचतो. मी सांगत होते, तुम्ही ऐकून घेतलंत कुठं?"

एवढ्यात त्यांची पाळी आली. फितीतल्या वड्या पाहून सुतार म्हणाला, "झकास! आणि बिघडलेलं?"

"आमच्याकडे काही बिघडत नाही."

समोर पलीकडच्या गल्लीतली साबणवाली बसली होती, त्यांची हाडवैरीण. घरात तिचं नाव नाकाडी. ती गालात हसली. आणि तेवढ्यात सुनेनं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून डागाळलेली वडी टेबलावर ठेवली!

भर सभेत थोबाडीत बसावी तसं झालं. मालकीणबाईंच्या कानातून वाफा निघाल्या.

नाकाडीनं वडी उचलली, हुंगली, उलटी केली. "डाग नुसते खालच्या अंगाला, तेही रेघांत. तेल खराब असतं तर वडीभर पसरले असते. वाळवता कशावर?"

"लोखंडी मांडणीवर," सून म्हणाली.

"उघड्या लोखंडाला साबण टेकला की तिथेच खवटतो. मीही भोगलंय. लाकडी फळ्या घाला, वर कागद अंथरा."

मांडण्या मालकीणबाईंनीच हौसेनं आणल्या होत्या. जुन्या फळ्या भिकारड्या दिसतात म्हणून बंबात घातल्या होत्या. डागही त्यानंतरचेच! आणि ही बया, वैरीण असून, इलाज सांगून मोकळी? आपण असतो तर मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं.

"मला का सांगितलंस गं?" त्यांनी नाकाडीला विचारलं.

"तुमच्या खवट साबणानं पोळलेलं गिऱ्हाईक माझ्याही वडीला नाक मुरडतं, आक्का."

"पण लोखंडी मांडण्यांची अक्कल कुणाची?" शिंप्यानं विचारलं.

सून पटकन म्हणाली, "घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं."

हे ऐकून मात्र मालकीणबाई हबकल्याच. एवढं आयतं कोलीत हातात, आणि पोरीनं ते टाकून दिलं? माणूस असं करतं?

"खोटं बोलते ती!" त्या कडाडल्या. "अक्कल माझी, एकटीची. आणि बोलणी हिनं खाल्ली."

हसलं कुणीच नाही. सुतारानं कानामागची पेन्सिल काढली. "फळ्या मी कापून देतो. माप काय?"

माप मालकीणबाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं आणि सुनेकडे बोट केलं. "तिला विचार. कढई तिची, वाळवणही तिचंच."

सून आ वासून बघत राहिली.

"बघतेस काय?" मालकीणबाई म्हणाल्या. "माप सांग की! माणूस खोळंबलाय."