चौथं मादीफूल

खुट्ट. बाल्कनीच्या दाराची कडी निघाली आणि कणीक मळता मळता मी थांबले. माझा नवरा तौसिफ पहाटेच चाकणला पहिल्या शिफ्टला गेलेला, घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे माहेनूर. पाच वर्षांची पोर, स्टुलावर चढून कडी काढते आणि वर मलाच दटावते, "अम्मी, हळू ये. ती उमललीय."

ती म्हणजे भोपळ्याचं मादीफूल. रंगाच्या रिकाम्या डब्यात बी तिनंच पुरलं होतं. आता वेल ग्रिलभर झालाय. नर फुलं रोज पाच-सहा. मादीफुलं आतापर्यंत तीनच आली, प्रत्येकाखाली सुपारीएवढा हिरवा भोपळा घेऊन. तिन्ही भोपळे पिवळे पडून गळले. तिसरा तर माहेनूर मुठीत धरून झोपली होती.

"येल काय करंल, पोरी?" शेजारच्या सुमनताई म्हणाल्या होत्या. त्या पुनावळ्याच्या मूळच्या. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं त्यांचा मळा होता. "पिवळाधम्मक रंग दावतो, वास सोडतो, मधाचं बोट लावतो. पर माशीच न्हाई आली तर नराची पूड मादीवर न्यायची कुणी? दहाच्या आत फूल मिटतं. मग संपलं."

साडेसहापासून आम्ही दोघी फुलासमोर बसलो. सात वाजले, आठ वाजले. एक मुंगी डोकावून गेली. माशी एकही नाही. दर पाच मिनिटांनी माहेनूर फुलाच्या कानात सांगत होती, "येतील हं."

माझं डोकंच फिरलं. महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्याच्या सज्जाखालचं मोहोळ औषध फवारून मारलं होतं. पार्किंगमध्ये माशांचा सडा पडला होता. वॉचमननं झाडूनं सुपलीत भरून घंटागाडीत टाकला. सुमनताईंना पोरीजवळ बसवलं आणि तरातरा खाली गेले.

सोसायटीचे सेक्रेटरी दत्तोबा काका गाडी पुसत होते.

"काका, औषध मारायची अक्कल कुणाची? मोहोळ जिवंत उचलून नेणारी माणसं असतात, माहीत नव्हतं तुम्हाला?"

"हळू, साबियाताई. सकाळी सकाळी झालं काय?"

"एक माशी उरली नाही इथं. माझ्या पोरीचे तीन भोपळे गळले."

"भोपळे?" ते हसले. "अहो, मंडईत ढीग पडलाय. अख्खा घेऊन या!"

"हसू नका! तुमच्या घरात लहान मूल असतं ना, तर कळलं असतं हसायचं कशावर!"

त्यांचं हसू गेलं. "उचलणारा माणूस मीच शोधला होता, ताई. चार दिवसांनी, रविवारी येणार होता. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? इथंच, ह्याच गाडीपाशी?"

मला आठवत होतं. विसरले कधीच नव्हते. माहेनूरच्या पापणीला माशी चावलेली, डोळा सुजून बंद. तिला औषध देऊन निजवलं आणि खाली येऊन ओरडले होते, चार दिवस कोण थांबतंय? आजच्या आज मारून टाका!

"तुम्ही ऐकायचं नव्हतं," मी म्हणाले. आवाज अजून चढलेलाच. "आईचं डोकं ठिकाणावर असतं का तेव्हा? सेक्रेटरी कशाला झालात मग?"

"घ्या!" त्यांनी फडकं बोनेटवर आपटलं. "ऐकलं तरी आम्हीच वाईट, नाही ऐकलं तरी आम्हीच."

पायऱ्या बडवत वर आले. राग उतरत नव्हता, आणि कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

साडेनऊ. फुलाच्या कडा आत वळायला लागल्या होत्या. सुमनताईंनी नर फूल खुडलं, पाकळ्या सोलून काढल्या आणि उरलेला दांडा माझ्या हातात दिला. "माशी न्हाई तर तू घास. हलक्या हातानं."

मी दांडा मादीफुलाच्या मध्यावर टेकवला. माहेनूरनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. थोडी पिवळी पूड तिच्या नखावर सांडली, ती तिनं जपून परत फुलात झटकली. सुमनताई त्यांच्या घरी गेल्या.

"आता नाही ना गळणार?"

"बघू, बाळा."

तिनं फुलावर सावलीसाठी हात धरला.

"अम्मी, माशांना औषध मारलं तेव्हा तू घरीच होतीस ना?"

"हो."

"मग औषध मारणाऱ्यांना तू थांबवलं का नाहीस?"