ओळ उचलायला कुणीतरी

गायक वेंडेल स्लोनच्या आवाजात तीन पिढ्यांनी खाणीत गिळलेली कोळशाची धूळ आहे, हे आता सर्वमान्य झालं होतं. प्रत्यक्षात त्याचे आजोबा बूट विकत आणि वडील, एस्टिल, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. आत्ता हा धुळीचा वारस दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या मारून केंटकीतल्या घरामागची टेकडी चढत होता. त्याला धाप लागली होती.

"धूळ बाधली वाटतं," चिकनचं पातेलं घेऊन मागून येणारी थोरली बहीण ओमा म्हणाली.

"ताई, तू वर्तमानपत्रं वाचू नकोस."

"मी कुठली वाचते! बायका आणून दाखवतात."

वर कबरींशेजारी पत्र्याच्या मांडवात आईच्या स्मरणाची सभा होती. त्यांच्या पंथात वाद्य चालत नाही. एकजण पुस्तक धरून भजनाची एक ओळ भराभर म्हणून देतो. मग सगळे मिळून ती उचलतात आणि चढावरून ओंडका ओढावा तशी सावकाश नेतात. एस्टिलनी उभा जन्म ओळी दिल्या होत्या. वेंडेल ते त्यांच्या मांडीवर बसून शिकला. पुढे गिटार घेऊन गाव सोडलं, तरी ओळ म्हटली की थांबायची खोड गेली नाही. जाणकार तिला 'खाणीतली शांतता' म्हणत. लोक तिकीट काढून ती शांतता ऐकायला येत. ओळ मात्र कुणी उचलत नसे.

बाबांनी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. गिटार वाजते तिथे ते बसत नसत.

आज मात्र त्यांनी आपणहून पुस्तक त्याच्या हातात ठेवलं.

"आईचं भजन तू दे. आणि लांबण लावू नकोस, जेवणं खोळंबलीत."

वेंडेलने पान उघडलं. त्याने पहिली ओळ दिली आणि थांबला.

कुणी उचलली नाही. मावश्या माना कलत्या करून ऐकत होत्या. चुलतभावांनी मोबाइल वर धरले होते. पंथातला म्हातारा ब्रदर क्लाइड डोळे मिटून तल्लीन झाला होता. इतक्या लांबून तो आला, तर घरचेही श्रोतेच निघाले.

मग दुसऱ्या बाकावरून एकच आवाज आला. चिरका, स्वराच्या बराच खाली. बाबांनी ती ओळ एकट्याने उचलली आणि न डगमगता शेवटपर्यंत नेली. वेंडेलने दुसरी दिली. पुन्हा बाबाच. तिसरीला मोबाइल शरमून खिशात गेले आणि सगळा मांडव त्यांच्यामागे गाऊ लागला. पुढच्या ओळी वेंडेलने बाबांकडे बघतच दिल्या.

जेवताना तो ताट घेऊन बाबांच्या शेजारी जाऊन बसला. ताटातल्या शेंगा चिवडत त्याने विचारलं,

"बाबा... बरं झालं का?"

बाबांनी हसून मान हलवली आणि मक्याच्या पावाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात ठेवला.

"त्यांना काय विचारतोस?" ओमा पलीकडून म्हणाली. "कानातलं यंत्र शर्टाच्या खिशात राहिलं आणि परवा धुण्यात गेलं. तुझं तोंड मिटलं की ते सुरू करत होते."

"मग दुसरं?"

"बुधवारी येणार आहे."

वेंडेलचं विमान सोमवारचं होतं.