फोनचं झबलं

घरातला फोन पाचव्यांदा मेला, आणि पाचव्यांदा आरोप धाकटीवर आला.

धाकटी गोठ्यात शेण ओढत होती. पहाटेपासून भुरभुर लागलेली, गोठ्यापुढं चिखल असा की पाऊल उचललं तर चप्पल मागंच राहावी. त्या चिखलातून थोरले, म्हणजे तिचे मोठे दीर, मेलेला फोन शेपटीला धरलेल्या उंदरासारखा लांब धरून आले.

"बॅटरी पुन्हा बसली. माहेरी किती वेळ बोलत होतीस?"

"परवापासून हात लावलेला नाही भाऊजी."

"मग काय न बोलताच बसली?"

"तेच म्हणते मी," धाकटी म्हणाली आणि फावडं पुढं ढकललं.

हा फोन थोरल्यांनी हौसेनं आणलेला. हौसेनं म्हणजे, ओढ्यापलीकडच्या कोंबडीवाल्यानं आणला म्हणून. वस्ती खोलगटात, मोबाइल नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. तेव्हा तारेचा फोनच खरा. त्यातही हा बिनदोरीचा. तार जोडलेली बैठक घरात राहायची आणि वरचा फोन हातात घेऊन कुठंही फिरायचं. 'कुठंही' म्हणजे या घरात उंबऱ्यापर्यंत. पायरी उतरली की नुसती खरखर.

आता या फोनची बडदास्त ऐका. धूळ बसू नये म्हणून थोरल्यांनी बैठक लोखंडी कपाटात ठेवली, मागून भोक पाडून तार आत घेतली आणि दार लावून टाकलं. धाकटीच्या नवऱ्यानं फोनला शेणाचा हात लागू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी वरून चढवली आणि बूड तेवढं उघडं ठेवून रबर लावला. त्यातून बोलणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा ऐकू यायचा. सासूबाईंनी तर महिनाभर खपून बैठकीला जाड कापडाचं झबलं शिवलं, त्यावर दोन पोपट भरले. बैठकीवर झबलं, झबल्यावर फोन. तान्ह्या पोराचे झाले नसतील इतके लाड, आणि पोर मात्र दिवसेंदिवस खंगत चाललेलं.

उपचारही काही कमी झाले नव्हते. थोरल्यांनी चारदा बॅटरी बदलली, एकदा फोन उन्हात वाळवला. वायरमन आला, पाठ उघडून आत फुंकर मारली, चहा पिऊन म्हणाला, "आतला क्रिस्टल गेलाय." क्रिस्टल म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नसावं, पण थोरले गावभर सांगत सुटले. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार.

फोनसोबत आलेली पुस्तिका तेवढी कुणी उघडली नव्हती. ती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होती. धाकटीनं ती काढली आणि शेवटची पानं वाचली. लिहिलं होतं की फोनच्या बुडाचे दोन पितळी ठिपके बैठकीच्या ठिपक्यांना टेकले पाहिजेत, टेकले की तांबडा दिवा लागतो; आणि बैठक लोखंडाआड ठेवली तर फोन लांबवर चालत नाही. धाकटीनं आठवून पाहिलं. झबलं चढल्यापासून या घरात तांबडा दिवा कुणी बघितलाच नव्हता. दिवसभर फोन पोपटांच्या पाठीवर बसायचा आणि उपाशी उठायचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एरवी तिनं सोडूनही दिलं असतं. पण गावच्या दूध केंद्रावर तपासणीच्या यंत्रावर बाई हवी होती आणि तिचं नाव यादीत पहिलं होतं. गुरुवारी दहा ते अकराच्या दरम्यान साहेबांचा फोन येणार, नाही उचलला तर पुढच्या नावाला जाणार. पुढचं नाव कोंबडीवाल्याच्या सुनेचं. आणि दहा ते अकरा ही वेळ धाकटीची गोठ्यातली. घरात फोनजवळ बसून राहिली असती तर सासूबाईंनी पायाला मेंदी लागली का विचारलं असतं.

तिनं आधी सरळ सांगून बघितलं. थोरले म्हणाले, पुस्तकं वाचून यंत्रं चालली असती तर वायरमन कशाला जन्माला आले असते. सासूबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "माझ्या पोपटांनी फोन मारला म्हणतेस?" नवरा म्हणाला, दादाला विचार. दादाला विचारून झालं होतं.

तेव्हा धाकटीनं रस्ता बदलला. सोमवारी ती सासूबाईंजवळ बसून हळहळली: एवढं नाजूक काम, आणि ज्याचा त्याचा मळका हात. धुवायला नको का? सासूबाईंना पटलं. झबलं धुऊन ओसरीच्या दोरीवर गेलं. हवा अशी दमट की रुमाल वाळायला दोन दिवस लागावेत. तरीही धाकटी जाता-येता पोपटांवर ओंजळभर पाणी मारत राहिली. कधी नव्हे ते त्यांना आंघोळी घडल्या.

मंगळवारी तिनं थोरल्यांच्या कानावर घातलं की कोंबडीवाल्याचा फोन रस्त्यावरून दिसतो. लोक थांबून बघतात. आपला कपाटात, आहे की नाही कुणाला कळणार? जेवणाआधी बैठक खिडकीत आली. थोरल्यांनी वरचा फोन तिच्यावर ठेवला आणि टिचकीएवढा तांबडा दिवा लागला.

"बघा," थोरले घरादाराला म्हणाले, "क्रिस्टल सुधारला."

गुरुवारी धाकटीनं रबर काढला, पिशवी खुंटीला अडकवली आणि फोन पदरात बांधून गोठ्यात गेली. साडेदहाला पदर वाजला. कोपरापर्यंत शेण, तिनं हात परकराला पुसला.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "यंत्र बंद पडलं तर आधी काय कराल?"

"आधी बघीन, कुणी बंद पाडलं," धाकटी म्हणाली.

पलीकडं साहेब हसले आणि म्हणाले, सोमवारपासून या.

त्या संध्याकाळी थोरले पारावर फोन दुरुस्तीच्या युक्त्या सांगत होते. शुक्रवारी ऊन पडलं, पोपट वाळले. सासूबाईंनी झबल्याला इस्त्री केली आणि बैठकीला चढवलं. धाकटीनं बघितलं. पुस्तिका पुन्हा टेबलाच्या पायाखाली सरकवली. सोमवारपासून तिच्या टेबलावर केंद्राचा फोन असणार होता.

सोमवारी सकाळी पहिल्या रांगेत तिच्याच घरचे कॅन आले, भाडोत्री टेम्पोतून. कॅन विसळलेलं पाणी ओतून टाकायचं नाही, दुधाखालीच ठेवायचं, हा थोरल्यांचा जुना नेम. यंत्रानं पाण्याचा आकडा दाखवला. धाकटीनं पुन्हा मापलं. आकडा तोच.

केंद्राचा नियम असा की दूध पातळ निघालं तर मालकाला फोन करायचा. अर्ध्या तासात आला तर त्याच्या डोळ्यांदेखत फेरतपासणी; नाही आला किंवा फोन उचलला नाही, तर त्याचा सभासद नंबर दारातल्या पाणीवाल्यांच्या फळ्यावर.

नियम म्हणजे नियम. धाकटीनं घरी फोन लावला. बराच वेळ वाट पाहून पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा दूध घालायला येऊन शेजारी उभ्या असलेल्या कोंबडीवाल्यालाही ऐकू जाईल असा कानापासून लांब धरला. पलीकडं नुसती रिंग जात होती.

"घरी कुणी नाही का?" कोंबडीवाल्यानं विचारलं.

"सगळे आहेत," धाकटी म्हणाली. "फोननं तेवढं झबलं घातलंय."

मग ती उठली, खडू घेतला आणि आपल्या घरचा नंबर फळ्यावर, रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा काढला.