छबूबाईंची हजेरी

कोल्हारच्या आधार मंडळात सगळे मिळून माणसं चार, बोर्ड मात्र चाळीस जणांना पुरेल एवढा. सेक्रेटरी सिल्व्हियाबाई, शाळेतून रिटायर झालेल्या. बाकी पंक्चरच्या दुकानाचा फैयाज, मेडिकलवाला कल्याण आणि अंगणवाडीची स्नेहल. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर उसनी द्यायची, डोळ्यांच्या तपासणीला म्हाताऱ्यांना गोळा करून न्यायचं, कुणाला रक्त लागलं तर धावायचं, ही त्यांची कामं. पण मंडळाची खरी शान म्हणजे हजेरी.

ही हजेरी बाईंच्या डोक्यातून निघालेली. गावात एकटी राहणारी एकोणीस म्हातारी माणसं होती. त्यांना मंडळानं बटणांचे साधे फोन दिले आणि फोनच्या पाठीवर चौघांचे नंबर चिकटवले. रोज सकाळी सात ते आठमध्ये बाईंना मिस्कॉल द्यायचा, बाईंचा बिझी लागला तर खालच्या नंबरला. मिस्कॉल आला म्हणजे माणूस ठीक. फोन उचलायचा नाही, हा नियम. एकोणीस जणांशी बोलत बसलं तर दुपार होईल, असं बाईंनीच ठरवलं होतं. मिस्कॉल आला की बाई ग्रुपवर टाकायच्या, ‘अमुक हजर’. आठपर्यंत जो हजर नाही, त्याच्या दारात फैयाजची गाडी उभी राहायची. दोन वर्षांत या हजेरीनं तीन जीव वाचवले होते, आणि बाईंना त्याचा गर्व होता. थोडाथोडका नव्हे, चांगला गर्व होता.

मग तो सोमवार आला. सात वाजून दहा मिनिटांनी या एकोणिसांतल्या छबूबाईंचा फोन आला. बाई भाकरीचं पीठ मळत होत्या. रोज एका रिंगला तुटणारा फोन त्या दिवशी वाजतच राहिला. बाईंनी उगाच मोजल्या, नऊ रिंगा झाल्या. ‘विसरली म्हातारी कट करायला,’ म्हणून त्या हसल्या, पिठाच्याच बोटानं ग्रुपवर ‘छबूबाई हजर’ टाकलं आणि तव्याकडे वळल्या.

मंगळवारी छबूबाईंचा मिस्कॉल आला नाही. फैयाज गेला, तर त्या मोरीत पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलेलं, फोन बादलीच्या पाण्यात. डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळीच पडल्या असाव्यात, पण दुपारपर्यंत जीव होता.

मातीला गेल्यावर फैयाज बाईंच्या शेजारी उभा राहून म्हणाला, “बाई, मनाला लावून घिऊ नका. सोमवारी सकाळी त्या हजर हुत्या ना? त्याच्या मागनं पडल्या असतील.”

बाईंनी मान हलवली. नऊ रिंगांचं त्या कुणाला बोलल्या नाहीत. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली बाई, पण त्या दिवशी जीभच उचलेना.

छबूबाईंचा भिजलेला फोन मंडळाच्या कपाटात जमा झाला. बाईंनी स्वतः बॅटरी काढली, रबर लावून फोनला बांधली, सिम कात्रीनं कापलं आणि कपाटाची किल्ली मंगळसूत्रासारखी गळ्यात घातली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला बाईंच्या मोबाईलवर नाव उमटलं, छबूबाई. एक रिंग झाली आणि तुटली.

बाई पदर सावरत तशाच मंडळाच्या खोलीवर गेल्या. कपाट उघडलं. फोन, बॅटरी, रबर, सगळं जागच्या जागी. पण फोन हाताला ओला लागला. त्यांनी आपल्या मोबाईलवर आलेल्या फोनांची यादी पाहिली, तिथे छबूबाईंचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन रिंगा झाल्या. तिसऱ्या दिवशी तीन. बाईंनी मोबाईल बंद करून डाळीच्या डब्यात ठेवला, तर डब्यातून चार रिंगा ऐकू आल्या. चर्चमध्ये जाऊन त्या गुडघे टेकून बसल्या, प्रार्थनेला शब्द सुचेनात, आणि मनात फक्त आकडा येत राहिला. नवव्या दिवशी नऊ होणार होत्या. दहाव्या दिवशी काय होणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याचीच भीती जास्त होती. इकडे बाकीच्या अठरा जणांचे मिस्कॉल येत होते, नियमाप्रमाणे कुणी उचलत नव्हतं. त्यातला एखादा मोरीत पडून फोन करत असेल का, हा विचार बाईंच्या डोक्यातून जाईना.

आठव्या दिवशी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या सकाळी पावणेसातला मीटिंग. सगळ्यांनी यायचंच.’

चौघं जमले. बाहेर उसाच्या फडावर धुकं बसलं होतं. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. “त्या सोमवारी छबूबाईंचा मिस्कॉल नव्हता. फोन होता. नऊ वेळा वाजला. मी उचलला नाही आणि त्यांना हजर लावलं. त्या माझ्यामुळे गेल्या.”

फैयाजनं खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

“तुमच्या मागनं मला आलता, बाई,” तो म्हणाला. “मी बघितलं, तुमी हजर लावलेलं. म्हनलं चुकून बटन दाबलं आसंल. कट केला.”

स्नेहलनं आपला मोबाईल त्याच्याशेजारी ठेवला. “मलापण आला होता. मीपण ग्रुप बघितला.”

कल्याण खाली बघत म्हणाला, “सगळ्यात शेवटी मला. दुकानात गिऱ्हाईक हुतं.”

म्हणजे म्हातारीनं फोनच्या पाठीवरचे चारही नंबर एकापाठोपाठ एक लावले होते, आणि चौघांनीही तिला हजर धरून सोडून दिलं होतं. एकट्या पापी नसल्याचं समाधान वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण वाटलं नाही.

“आणि आता?” बाईंनी हळूच विचारलं.

“रोज येतो,” स्नेहल म्हणाली. “काल आठ रिंगा झाल्या.”

फैयाजनं आणि कल्याणनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही विचारायची गरज उरली नाही.

सात वाजून दहा मिनिटं झाली. टेबलावरचे चारही मोबाईल एकदम उजळले. एकाच वेळी चौघांना, एकच नाव. कपाटाच्या फटीतून पाण्याचा ओघळ जमिनीवर आला. रिंगा वाजू लागल्या. पाच, सहा, सात. फैयाजच्या तोंडून दुवा निघत होती. नववी रिंग सुरू झाली आणि बाईंनी हात पुढे केला. त्यांनी आपला फोन उचलला.

“बोला, छबूबाई.”

आधी नुसता नळाचा आवाज आला. मग धाप. मग अगदी जवळून, कानाला ओल लागावी इतक्या जवळून:

“बाई, हजर लावू नका. मी पडले हाय.”

फोन तुटला. बाकीचे तिन्ही मोबाईल विझले. स्नेहल तोंडावर पदर धरून रडत होती. बाईंनी मात्र मंडळाची हजेरीची वही ओढली आणि पहिल्या पानावरच्या ‘फोन उचलायचा नाही’ या नियमावर, आपल्याच सुंदर अक्षरावर, आडवी रेघ मारली.

तेवढ्यात बाईंचा मोबाईल पुन्हा वाजला. बाबाजान, नदीकाठचे जुने टेम्पोवाले, सव्वासातचे नेहमीचे हजर. पहिल्याच रिंगेला चार हात पुढे गेले. बाईंनी उचलून स्पीकर लावला.

“अरे, मिस्कॉल हाय ह्यो!” बाबाजान खेकसले. “उचलता कशाला?”

“चाचा, बरे आहात ना? तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

पलीकडे खाट करकरली.

“न्हाई, बाई,” बाबाजान म्हणाले. “तीन दिस झालं. खाटंवरनं उठताच येत न्हाई.”

फैयाज गाडीची किल्ली घेऊन धावत सुटला होता.